उभ्या पद्मिनीचा कार्बोरेटर: गंज, पाणी आणि नवं पेट्रोल

बरीच वर्षं उभी असलेली गाडी दिसली की पहिला मोह होतो तो बॅटरी लावून सेल मारून बघायचा. सगळ्यात महागात पडतो तोही हाच. माझ्या काकांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी संगमेश्वरजवळच्या घरी पडवीत सहा वर्षं उभी होती. मी पुण्याहून बॅटरी घेऊन गेलो, चोक ओढला, आणि चौथ्या सेलला इंजिन धडधडलं. चुलतभावाने शिट्टी मारली. दोन मिनिटांत गाडी बंद पडली, ती पुढे सात महिने बंदच राहिली. टाकीच्या तळाशी निवांत बसलेला गंज आणि पाणी मी त्या दोन मिनिटांत पंपातून ओढून थेट कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात, नेऊन ठेवलं होतं.

पुढचं सगळं त्या सात महिन्यांत शिकलो. थोडं पुस्तकांतून आणि बरंचसं एका मेस्त्रींकडून. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर त्यांनी उमेदीची वर्षं काढलेली. लिहिताना माझ्यासमोर पद्मिनी आहे, पण अॅम्बॅसिडर, हेराल्ड किंवा त्या काळची कुठलीही कार्बोरेटरची गाडी वारशात मिळाली असेल तर काम जवळपास हेच. मेस्त्रींचं एक सांगणं आधी लिहून ठेवतो, कारण सगळा क्रम त्यावरच आहे: कार्बोरेटर आजारी दिसतो, पण आजार टाकीतून येतो. म्हणून पेट्रोल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने काम करत जायचं. टाकी, पाइप, पंप आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. नवखा माणूस उलटं करतो. बॉनेट उघडलं की कार्बोरेटर समोरच दिसतो, तो खोलतो, चकचकीत करतो, आणि आठवड्याभरात पुन्हा तोच कचरा आत.

आधी थोडं पेट्रोलबद्दल

पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन मूळ फियाट ११००चं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं होतं, इथेनॉल नव्हतं. देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं २००० साली. इथेनॉलचं प्रमाण जून २०२२पर्यंत सरासरी १० टक्क्यांवर पोचलं, फेब्रुवारी २०२३पासून निवडक पंपांवर २० टक्क्यांचं, म्हणजे ई२० पेट्रोल मिळू लागलं, आणि २०२५मध्ये तेच जवळपास सगळीकडे झालं. हे इथेनॉल काही उसाचं, काही मका-तांदळासारख्या धान्याचं. कोल्हापूर-सांगलीचा जो ऊस साखर होऊन चहात येतो, तोच आता टाकीतही येतो.

इथेनॉल पाणी ओढतं. साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, तळाला थेंब होऊन पडून राहतं. इथेनॉलचं पेट्रोल मात्र हवेतली वाफ स्वतःत मुरवून घेतं आणि एका मर्यादेपर्यंत काही दिसत नाही. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची ही मर्यादा साधारण अर्धा टक्का. म्हणजे ३० लिटरच्या टाकीत दीडशे मिलिलिटर, कटिंगच्या दोन ग्लासांएवढं. ई२०ची मर्यादा याहून थोडी जास्त. त्यापुढे पाणी गेलं किंवा रात्री गारठा पडला की पेट्रोल फाटतं, अगदी नासलेल्या दुधासारखं. वर इथेनॉल गमावलेलं कमजोर पेट्रोल, खाली पाणी आणि इथेनॉलचा जड थर. टाकीतून पेट्रोल उचलणारी नळी तळाजवळ असते, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो या खालच्या थराचाच.

इथेनॉल नसतं तरी पेट्रोल काही अमर नव्हतं. हलका भाग उडून जातो, उरलेला हवेशी मिळून चिकट होतो आणि मग व्हार्निशसारखा उग्र वास येतो. हा वास एकदा नाकात बसला की पुढे डिकी उघडताच कळतं.

पहिली पायरी: नमुना काढा, सेल मारू नका

बॅटरीची तार काढून ठेवा. गाडी मोकळ्या हवेत ढकलत आणा. जवळ देवघरातला दिवा नको, गॅसची शेगडी नको, चालू कॉम्प्रेसर नको. डीसीपी, म्हणजे कोरड्या रासायनिक पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, पाण्याची बादली इथे कामाची नाही. हे सगळं वाचताना कंटाळवाणं वाटतं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि वीस फुटांवरच्या ठिणगीपर्यंतही पोचते.

टाकीला खाली बूच असेल तर ते सैल करून, नसेल तर हातपंपाने तळातलं अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. नळीला तोंड लावून ओढू नका. जुने ड्रायव्हर ओढायचे, आणि ठसका लागून पेट्रोल फुप्फुसात गेल्याने दवाखान्यातही जायचे. बरणी अर्धा तास स्थिर ठेवा आणि उजेडात धरून बघा. ताजं पेट्रोल फिकट नारिंगी दिसतं. काळ्या चहासारखं दिसलं तर शिळं. तळाशी वेगळा थर, त्याची हलणारी रेषा आणि रेषेवर तरंगणारा तांबूस गाळ दिसला तर निदान तिथेच झालं. काकांच्या गाडीच्या बरणीत बोटभर जाडीचा थर होता. तोच मी आधी इंजिनाला पाजला होता.

नवं पेट्रोल भरतानाही एक चाचणी करून बघा, मजा येते. मोजमापाच्या खुणा असलेल्या उंच काचेच्या नळकांड्यात १० मिली पाणी आणि १०० मिली पेट्रोल घ्या, हलक्या हाताने ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. खालचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. तो वाढून २८-३०च्या घरात गेला तर तुमच्याकडे ई२० आहे. थोडं इथेनॉल वरच राहतं म्हणून आकडा किंचित कमी भरतो, पण अंदाजाला पुरतो. पंपावर मिळणाऱ्या महागड्या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नसतं असं कोणी सांगितलं, तर विश्वास आणि वाद दोन्ही बाजूला ठेवून हीच चाचणी करा. पद्मिनीला एवढ्या ऑक्टेनची गरज नाही, तिचं कॉम्प्रेशन कमीच आहे. पण बिनइथेनॉलचं पेट्रोल खरंच मिळालं तर गाडी उभी करण्याआधीची शेवटची टाकी त्याची भरायला हरकत नाही.

दुसरी पायरी: टाकी

सगळं पेट्रोल काढा, टाकी उतरवा. मोबाइलला जोडायचा लांब वायरचा कॅमेरा हल्ली स्वस्तात मिळतो, तो आत घालून बघा. वरच्या अर्ध्या भागाला गंज आणि खालचा भाग तुलनेने बरा, असं दिसलं तर समजा गाडी अर्धी टाकी ठेवून उभी केली होती. दिवसा टाकी तापते, हवा बाहेर जाते. रात्री गार होते, दमट हवा आत येते आणि वरच्या मोकळ्या पत्र्यावर दव धरतं. कोकणातला एक पावसाळा या श्वासोच्छ्वासाला पुरेसा असतो.

हलका गंज असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त पुरतं. १० लिटर कोमट पाण्यात अर्धा ते एक किलो विरघळवा, टाकी काठोकाठ भरा, भोकं रबरी बुचांनी बंद करा आणि एक रात्र ठेवा. पेट्रोलमापकाचा फ्लोट, म्हणजे तरंगणारा भाग, आधी काढून ठेवा. सकाळी पाणी हिरवट-तपकिरी झालेलं असेल. ते काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नंतर स्वच्छ पाण्याने, आणि लगेच वाळवा. लगेच म्हणजे अक्षरशः लगेच. उघडा झालेला पत्रा अर्ध्या तासात पुन्हा लालसर होतो. गरम हवेने वाळवत असाल तर टाकीत पेट्रोलचा वास अजिबात उरलेला नाही याची आधी खात्री करा. वाळल्यावर वाटीभर टू-स्ट्रोकचं तेल आत घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवून घ्या. जुन्या बऱ्याच टाक्यांना आतून शिसं-कथलाचा पातळ थर असतो. तो शाबूत दिसत असेल तर आंबट पाणी तासनतास ठेवू नका, नुसतं धुऊन घ्या.

जाड पापुद्रे असतील तर मूठभर नट टाकून टाकी खळखळवतात. नट मोजून टाका आणि मोजून काढा. मी अठरा टाकले होते, सतरा निघाले. अठराव्याने माझी एक अख्खी दुपार घेतली.

टाकीला भोक असेल तर गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोकादायक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. रेडिएटरची डागडुजी करणारे जुने कारागीर टाकी वाफेने धुऊन मगच डाग देतात, अशाच माणसाकडे जा. आतून लावायचा लेप इथेनॉल चालेल असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. जुन्या प्रकारचे लेप नव्या पेट्रोलमध्ये सुटतात आणि त्यांचे पापुद्रे मिसळल्यावर गंज बरा होता असं म्हणायची वेळ येते.

तिसरी पायरी: पाइप आणि पंप

लोखंडी पाइपात हवा मारायची ती इंजिनाकडून टाकीकडे, पंप आणि टाकी दोन्ही टोकांना सोडवलेले असताना. रबरी पाइप सगळे बदला, चांगले दिसत असले तरी. जुना तुकडा दुमडून बघितलात तर बाहेर बारीक भेगा दिसतील. उभा चिरलात तर आतली कातडी बोटाला काजळीसारखी लागेल. जुन्या रबराला इथेनॉल फुगवतं, मऊ करतं, आणि वाळल्यावर ते कडक होऊन तडकतं. दुकानात इथेनॉलला चालणारा व्हायटॉनचा किंवा तसं छापलेला पाइप मागा. महाग आहे, पण सगळ्या गाडीला मिळून लागतो जेमतेम मीटर-दीड मीटर. पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर टाका, म्हणजे टाकीतून काय येतंय ते डोळ्यांनी दिसतं.

पंप यांत्रिक आहे. कॅमशाफ्टवर चालतो, आत डायफ्रॅम, म्हणजे कापडी-रबरी पडदा असतो. हा फाटला तर पेट्रोल खाली इंजिनाच्या तेलात उतरतं. म्हणून तेलाची पट्टी काढून वास घ्या. तेल पातळ वाटलं, पातळी खुणेच्या वर दिसली किंवा पेट्रोलचा वास आला, तर तेल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. डायफ्रॅमचं किट मात्र कसंही नवं टाकायचंच.

चौथी पायरी: कार्बोरेटर, आणि त्यातले रंग

आता कार्बोरेटर. उतरवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, दांड्या आणि स्प्रिंगा कुठे अडकतात ते दिसेल असे. उतरवल्यावर मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या नळीच्या, भोकात स्वच्छ फडकं कोंबा, तिथे पडलेला एक वॉशर अख्खं हेड उतरवायला लावतो. खाली पांढरं एनॅमलचं ताट किंवा मोठी परात घ्या, आणि वरचं झाकण उघडण्याआधी थांबा. फ्लोटच्या वाटीत, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यात, जे काही साठलंय ते ओतून टाकू नका. आधी बघा.

बाकीच्या कामांत निम्मी अंगमेहनत आहे, इथे मात्र वाचन आहे. लाल-तपकिरी भुकटी असेल तर ती टाकीची किंवा पाइपाची. कार्बोरेटरमध्ये लोखंड फारसं नसतंच, त्यामुळे लाल गंज हा नेहमी पाहुणा. चुंबक फिरवला की बऱ्याचदा चिकटतो. गुळाच्या पाकासारखा पिवळसर-तपकिरी, नखाने खरवडणारा थर म्हणजे वाळलेलं पेट्रोल. हा दिसतो वाईट पण सुटतो सहज. काळी, बोटाला लागणारी काजळी रबरी पाइपाची. पितळी जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या स्क्रूच्या, कडेला हिरवा-निळा थर म्हणजे पितळातलं तांबं आंबट झालेल्या पेट्रोलने खाल्लं.

आणि पांढरं. वाटीच्या तळाला मिठासारखं, कधी भिंतीला येणाऱ्या क्षारासारखं फुललेलं. कार्बोरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं आणि हे पांढरं म्हणजे त्या जस्ताचा गंज. बाकी सगळे रंग बाहेरून आलेले. पांढरा मात्र खुद्द कार्बोरेटरच विरघळून आलेला. म्हणून याच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

हा गंज सगळीकडे सारखा नसतो. काकांच्या गाडीचा कार्बोरेटर मी भिंग घेऊन बघितला. वाटीच्या भिंती जवळपास गुळगुळीत होत्या. तळाला खसखशीएवढे खड्डे होते. पण मुख्य जेट जिथे आट्यांनी बसतो, तिथे भोवताली पांढरा कडा उभा राहिला होता, वारुळासारखा. कारण साधं आहे. जेट पितळी, अंग जस्ताचं, आणि मध्ये पाणी. तांबं, जस्त आणि मधे ओलावा ठेवला की बॅटरी होते, व्होल्टाने १८००च्या सुमाराला नेमकी अशीच केली होती. तुमच्या कार्बोरेटरमध्येही चिमुकली बॅटरी सहा वर्षं चालू असते आणि तिच्यात झिजतं ते जस्त. त्यामुळे नुकसान जेटच्या आट्यांशी आणि बारीक वाटांच्या तोंडाशी होतं, नेमकं जिथे नको तिथे.

यावरून ठरवायचं की कार्बोरेटर ठेवायचा की नाही. तळाचे खड्डे आरपार नसतील तर ते निरुपद्रवी, धुऊन विसरा. जेट बसल्यावर आटे धरत असतील, घट्ट होत असेल तर चालेल. आटेच भुगा होऊन आले असतील, किंवा स्लोची (उभ्या गाडीचं इंजिन हळू चालू ठेवणारी) बारीक वाट आतून खाल्ली गेली असेल, तर कितीही धुतलंत तरी स्लो बसणार नाही. तेव्हा दुसरं अंग शोधा. माझ्या बाबतीत तेच झालं. सात महिन्यांतले पाच त्या शोधात गेले.

पाचवी पायरी: धुणं, आणि काय करू नये

जेट काढताना पेचकस खाचेत नेमका बसणाराच घ्या. पितळ मऊ असतं, ढिल्या पेचकसाने खाच गेली की जेट ड्रिलने काढावा लागतो. अडला असेल तर गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी अंग गरम पाण्यात बुडवून पुन्हा प्रयत्न करा. प्रत्येक जेटवरचा आकडा वहीत लिहा. सोलेक्स बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये तो भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. कोणीतरी आधी भोक मोठं करून ठेवलं असेल तर आकडा आणि भोक जुळत नाही, तेही लक्षात ठेवा.

आजीने देवाची भांडी चिंचेने उजळली म्हणून कार्बोरेटर चिंचेच्या कोळात टाकू नका. हसू नका, मला हा सल्ला तिघांनी दिला. पितळ उजळेल, पण आंबटाने जस्त उकळल्यासारखं विरघळतं. संडास साफ करायचं आम्ल तर त्याहून वाईट. टाकीला चाललेलं लिंबूसत्तही इथे नको. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा. चिकट थर जाड असेल तर झाकलेल्या डब्यात थिनरमध्ये भिजवा, पण डायफ्रॅम, रबर आणि प्लास्टिकचा फ्लोट आधी बाहेर काढून. मग दाबाची हवा, प्रत्येक वाटेतून दोन्ही बाजूंनी, आणि डोळ्यांवर चष्मा. एका भोकात मारलेला फवारा कुठून बाहेर येतो ते बघितलं की वाटांचा नकाशा आपोआप कळतो. जेटमध्ये लोखंडी तार घालू नका. विजेच्या वायरीतला तांब्याचा एक धागा किंवा ब्रशचा नायलॉनचा केस पुरतो.

ओळखीचा सोनार असेल तर एक युक्ती आहे. दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र त्याच्याकडे असतं. पेट्रोलचा मागमूस राहणार नाही असा सुटा, आधीच धुतलेला भाग न्या, सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं फिरवून घ्या. तीव्र क्षाराचा द्राव नको, जस्त काळं पडतं. माझ्या सोनाराने पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, "एवढ्या वजनात हार झाला असता, साहेब."

फ्लोट पितळी असेल तर कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका. गरम पाण्यात बुडवला की सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बुडबुडे येतात. निडलच्या, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या, टोकावर गोल चरा दिसला तर निडल आणि सीट दोन्ही बदला, ओव्हरफ्लोचं मूळ तेच असतं. सोलेक्समध्ये फ्लोटची पातळी निडलच्या सीटखालच्या वॉशरच्या जाडीवर ठरते, म्हणून जुना वॉशर फेकू नका, नव्याची जाडी त्याच्याशी जुळवा. खालची फ्लँज, म्हणजे इंजिनावर आवळून बसणारी सपाट कड, काचेवर ठेवून बघा. नट आवळून आवळून ती वाकलेली असते, आणि मग कितीही पॅकिंग लावलं तरी हवा ओढते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलकी घासली की सपाट होते. थ्रॉटलचा, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा, स्पिंडल हाताने हलवून खडखडला तर बुश लागतील, ते लेथवाल्याचं काम.

सहावी पायरी: पहिला सेल

प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवा. अडत नसेल तर प्लग परत लावा. पहिल्या चालीसाठी टाकी जोडू नका. मेस्त्री लोक ज्याला सलाइन लावणं म्हणतात ते करा: छोट्या डब्यातून ताजं पेट्रोल, इंजिनापासून दूर आणि घट्ट बांधून. टाकी अजून संशयित आहे, इंजिन आणि कार्बोरेटर आधी वेगळे पारखून घ्यावेत. अग्निशामक हातात घेऊन एक माणूस उभा ठेवा. बॉनेटखाली थेंब पडताना दिसला तर लगेच बंद.

मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरा उघडा, गाडी तेवढ्यावर चालू होते. पुरती गरम झाल्यावर तो थोडा-थोडा फिरवून इंजिन सगळ्यात गुळगुळीत कुठे चालतं ते कानाने शोधा, मग स्लो कमी करा.

ई२०वर एक फरक जाणवेल. पूर्ण जळायला साध्या पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, ई२०ला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच हिशेबाने हवा देतो, म्हणून इंजिन उपाशी चालतं. अॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर दम तोडते, कार्बोरेटरमधून शिंकते, प्लग पांढरे निघतात. मी मुख्य जेट पाच आकड्यांनी वाढवला आणि शिंका थांबल्या. आधी जेट बदलू नका मात्र. पन्नास किलोमीटर चालवा, प्लगचा रंग बघा, मग ठरवा. मे महिन्यात घाटात पेट्रोल गाडीच्या पंपातच उकळून गाडी बंद पडली तर टॅक्सीवाल्यांचा जुना उपाय अजून चालतो: पंपावर ओलं फडकं आणि दहा मिनिटं सावली.

सातवी पायरी: पुन्हा उभी करताना

आठवड्यातून पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवायची ही सवय सोडा. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी साठतं. चालू केलीत तर पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. नाहीतर हात लावू नका.

दोन-तीन महिन्यांसाठी उभी करायची असेल तर टाकी काठोकाठ भरा, हवेला जागाच ठेवू नका, पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घाला आणि ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल इतकी गाडी चालवा. पावसाळा धरून त्याहून जास्त काळ असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ई२० टाकीत ठेवूच नका. पूर्ण रिकामी करा, वाळवा, तेल फिरवा. काही जण तरीही भरलेली टाकीच बरी म्हणतात. बिनइथेनॉलच्या पेट्रोलच्या काळात ते बरोबर होतं. अर्धी टाकी मात्र दोन्ही मतांना मान्य नाही.

कार्बोरेटरसाठी पंपाकडे येणारा पेट्रोलचा पाइप काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. तरीही वाटीच्या तळाशी दोन चमचे उरतात, आणि पांढरा गंज नेमका तिथूनच सुरू होतो. बऱ्याच सोलेक्समध्ये मुख्य जेट बाहेरून काढता येतो. तो सोडवा, उरलेलं निथळू द्या, परत बसवा. दोन मिनिटांचं काम.

गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, आत घाम धरतो. सुती कापड, आणि वर छप्पर. नव्या पाइपांना उंदीर लागतात, कापूर ठेवून मला फारसा फरक दिसला नाही, पिंजरा बरा.

काढलेलं जुनं पेट्रोल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. शिळं पण न फाटलेलं असेल तर गॅरेजवाले सुटे भाग धुवायला आनंदाने घेतात. फाटलेल्याचा खालचा थर त्यांनाही नको असतो, तो वेगळ्या धातूच्या डब्यात भरून घातक कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

काकांची पद्मिनी आता पुन्हा पडवीत आहे, जूनपासून. स्टिअरिंगला दोरीने एक पुठ्ठा बांधलाय. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: टाकी कोरडी. कार्बोरेटर कोरडा. दसऱ्याला येतोय, तोवर सेल मारू नये.